बँकेत साडेसहा लाख आहेत, मग संस्था अडचणीत कशी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भाताच्या देशी वाणांवर आणि सेंद्रिय शेतीवर काम करणारी तुमची छोटी संस्था आहे, आठ वर्षं झाली, सध्या पाच गावं आणि चार पगारी माणसं, ज्याच्या पैशावर हे चाललंय तो तीन वर्षांचा प्रोजेक्ट येत्या मार्चला संपतोय. बँकेत ६ लाख ४० हजार आहेत. कमिटीतले लोक म्हणतात "पैसे हायत की ओ, भ्यायचं कशाला", आणि ऑडिट रिपोर्टात मात्र सलग दोन वर्षं तूट दिसतेय. हे पैसे एफडीत टाकू का, की त्यातून बियाणं आणि गांडूळ खताचा धंदा सुरू करू, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगाव तालुक्यातल्या अशाच एका शेती संस्थेत २००६ पासून खजिनदार आहे. सीए नाही, त्यामुळं कायद्याचा शेवटचा शब्द तुमच्या सीएचा. पण वह्या मी स्वतः लिहिल्यात आणि संस्था दोनदा बंद पडता पडता राहिलेली बघितलीय, त्या अनुभवावरून लिहितोय.

एफडी की धंदा हा पुढचा प्रश्न झाला. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की ह्या ६ लाख ४० हजारांतले तुमचे किती?

तुमचे खरे आकडे मला माहीत नाहीत, पण अंदाजानं मांडून दाखवतो. प्रोजेक्टचे आलेले पण अजून खर्च न झालेले समजा २ लाख ८५ हजार. ते फंडरचे, म्हणजे प्रोजेक्टला पैसे देणाऱ्याचे, मार्चनंतर हिशोब देऊन परत करायचे किंवा लेखी परवानगी घेऊन वापरायचे. पुढच्या खरिपाच्या बियाण्यासाठी शेतकऱ्यांनी आगाऊ दिलेले १ लाख १० हजार. ते शेतकऱ्यांचे, त्याच्या बदल्यात बियाणं द्यायचंय. द्यायचे राहिलेले पगार ६० हजार. ऑडिट फी, ऑफिसचं भाडं, टेम्पोवाल्याची बाकी मिळून ३५ हजार. हे सगळं वजा केलं की उरतात दीड लाख. आणि तुमचा दर महिन्याचा न टळणारा खर्च, म्हणजे पगार, भाडं, पेट्रोल, फोन, समजा ७२ हजार आहे. म्हणजे तुमच्याकडं साडेसहा लाख नाहीत, जेमतेम दोन महिने आहेत.

शिल्लक रुपयात सांगितली की कमिटीला धीर येतो, महिन्यात सांगितली की लगेच कळतं. आमच्याकडं २०१३ साली हेच झालं होतं. पाणलोटाचा प्रोजेक्ट संपत आला होता, बँकेत ९ लाखांच्या वर होते, सभेत सगळे खुश, जुनी जीप घ्यायचा ठराव सुद्धा झाला. मी दोन रात्री बसून प्रत्येक रुपयाच्या पुढं तो कुणाचा आहे ते लिहिलं, तर मोकळे निघाले ७० हजार. जीप घेतली नाही. पण तोवर माणसांना पुढच्या वर्षीचा शब्द देऊन झाला होता, आणि तो आम्हाला मोडावा लागला. त्यातला एक पोरगा आमच्याकडं चार वर्षं होता, गावागावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला नावानं ओळखायचा, तो उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला लागला. त्याच्या जागी नवीन माणूस तयार करायला आम्हाला दोन सीझन गेले, हा खर्च कुठल्याच ऑडिट रिपोर्टात दिसत नाही.

म्हणून पहिलं काम, एक साधी वही किंवा एक्सेलची शीट करा आणि बांधलेले पैसे व मोकळे पैसे वेगळे लिहा. बांधलेले म्हणजे ज्याच्यावर कुणाची तरी अट आहे ते. मोकळे म्हणजे कमिटीनं ठराव केला की संस्थेच्या उद्देशासाठी कशालाही वापरता येतात ते. बँकेत खातं एकच असलं तरी चालेल, वहीत दोन पाहिजेत. आणि दर महिन्याच्या मीटिंगमध्ये मोकळ्या पैशाचा आकडा आधी वाचायचा, बँकेचा नंतर.

आता तुमच्या तुटीबद्दल. आठही वर्षांचे ऑडिट रिपोर्ट काढून एका पानावर शेजारी शेजारी मांडा, फक्त जमा, खर्च आणि शिल्लक. आमचं तसं पान सांगतो. पहिली तीन वर्षं वर्गणी आणि एका दात्यावर दीड दीड लाखात चाललो. पाणलोटाचं काम मिळालं तेव्हा वर्षाला २२ लाखांपर्यंत गेलो, ते संपल्यावर २०१४ ला ६ लाखांवर आलो. मग एका मोठ्या संस्थेच्या हाताखाली परदेशी निधीतून काम मिळालं, १८ लाखांच्या आसपास पाच वर्षं गेली. २०१९ च्या पुरात मदतीचे पैसे आले म्हणून एकदम ३१ लाख. त्याच्या पुढच्याच वर्षी ९ लाख. आता १४ लाखांच्या आसपास बरीच वर्षं स्थिर आहोत. हे पान हातात असतं तर ९ लाखांचं वर्ष आल्यावर कुणी रडलं नसतं आणि ३१ लाखांचं वर्ष आल्यावर कुणी नवीन माणसं घेतली नसती.

तुमची दोन वर्षांची तूट खरी आहे की फक्त तारखांचा खेळ आहे हे सुद्धा त्याच पानावर कळेल. छोट्या संस्था बहुतेक करून पैसे हातात आले की जमा धरतात. फंडरचा हप्ता २५ मार्चला आला तर त्या वर्षी वाढावा दिसतो, खर्च पुढच्या वर्षी होतो तेव्हा तूट दिसते, आणि प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं. तुमच्या पहिल्या वर्षी मोठा वाढावा आणि नंतर दोन वर्षं तूट असं असेल, आणि तिन्हीची बेरीज शून्याच्या जवळ येत असेल, तर घाबरू नका. बेरीज करूनही मोठी वजाबाकी उरत असेल तर मात्र तुम्ही आधीच्या शिलकीतून प्रोजेक्ट पोसताय. म्हणजे फंडर जेवढं देतोय त्याच्यापेक्षा काम महाग पडतंय, आणि असं काम जेवढं वाढवाल तेवढी संस्था खचत जाते.

उशिरा आलेल्या हप्त्याचा अजून एक त्रास इन्कम टॅक्सचा. नोंदणी असलेल्या संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशावर खर्च करायचे असतात, १५ टक्के राखता येतात. ८५ ला कमी पडत असाल तर ठराविक कारण लिहून जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी रक्कम बाजूला ठेवता येते, पण त्याचा फॉर्म मुदतीत ऑनलाइन भरावा लागतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईनं छत्र्या, बॅगा आणि बॅनर घेऊन पैसे संपवणाऱ्या संस्था मी बघितल्यात. तसं करू नका, सीएला फेब्रुवारीतच विचारून ठेवा. आणि हे १५ टक्के हीच मोकळ्या पैशाची कायद्यानं दिलेली वाट आहे. प्रोजेक्टच्या पैशातून ती मिळत नाही कारण तो पै-पै बांधलेला असतो, पण वर्गणी, देणग्या, व्याज, ट्रेनिंग फी यातून मिळते.

शेतीच्या संस्थेला आणखी एक गाठ असते. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि आपलं वर्ष पावसाचं. खानापूरच्या कणकुंबी, जांबोटी बाजूला मे अखेरीला तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्याची तयारी, जूनला पेरणी, जुलैत रोप लावणी, दिवाळीच्या पुढंमागं सुगी. तुम्हाला बियाणं, खत, फिरती यासाठी पैसे लागतात मे-जूनला. फंडरचं मात्र मागच्या वर्षाचं ऑडिट जाऊन, तपासून, पहिला हप्ता सुटेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, तेव्हा शेतात गुडघाभर चिखल आणि सगळं उरकलेलं. मग ते तीन महिने काढायचे कशावर? आम्ही पहिली बरीच वर्षं कमिटीतल्या लोकांकडून हातउसने घेऊन काढली, आणि त्यातून वाद झाले, कारण ज्यानं पैसे दिले त्याचा शब्द मोठा होत गेला. शेवटी ठरवलं की तीन महिन्यांचा खर्च मोकळ्या पैशात असल्याशिवाय नवीन गाव घ्यायचं नाही. आणि नवीन करार करताना फंडरला पहिला हप्ता एप्रिलच्या आत द्या असं आम्ही लेखी मागतो, कारण म्हणून पिकाचं कॅलेंडर जोडतो. दोघांनी मान्य केलं, एकानं नाही केलं, पण मागितल्याशिवाय कुणीच देत नाही. तुमच्याकडं भात आहे म्हणून हे गणित असं. निपाणी, चिकोडी भागात तंबाखू आणि ऊस, तिथल्या संस्थांचे अडचणीचे महिने वेगळे, तेव्हा दुसऱ्याचं कॅलेंडर उचलू नका, बारा महिन्यांची जमा-खर्चाची पट्टी स्वतःची काढा.

२०१९ चं वर सांगितलं त्याबद्दल थोडं. त्या ऑगस्टला कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्याच नद्यांना पूर आला होता, आपल्या जिल्ह्यात अर्ध्याहून जास्त काम मदतीचंच झालं. पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्या लोकांनी भरभरून पाठवलं. आम्ही एक गोष्ट बरोबर केली, मदतीची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली आणि प्रत्येक दात्याला कुठं काय वाटलं ते लिहून कळवलं. एक गोष्ट चुकली, त्या वर्षाचा आकडा बघून पुढच्या वर्षाचं बजेट फुगवलं. लगेच मार्चला कोविडचं लॉकडाऊन आलं, आणि सप्टेंबर २०२० ला परदेशी निधीचा कायदा बदलला. आधी मोठी संस्था परदेशी पैसे घेऊन आमच्यासारख्यांना पुढं देऊ शकत होती, ते बंद झालं. आमच्या जमेतले ४० टक्के एका पत्रानं गेले. त्या मोठ्या संस्थेची यात चूक नव्हती, चूक आमची की एकाच दोरीवर एवढं वजन टाकलं होतं. आता आमचा नियम असा आहे की कुठल्याही एका ठिकाणाहून एक तृतीयांशापेक्षा जास्त यायला लागलं की सभेत तो विषय घ्यायचाच. छोट्या संस्थेला हे नेहमी पाळता येत नाही, तुम्हाला आज तरी येणार नाही, पण आकडा डोळ्यासमोर पाहिजे.

तुम्ही स्वतः एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी थेट घ्यायची नोंदणी, घ्यायचा विचार करत असाल तर त्याला तीन वर्षं जुनी संस्था आणि मागच्या तीन वर्षांत उद्देशावर किमान १५ लाख खर्च लागतो, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. तुमच्या आकाराला मी आत्ता तरी नको म्हणेन, ते सांभाळायलाच एक माणूस लागतो.

आता प्रशासकीय खर्च. इथं खूप गैरसमज आहे आणि छोट्या संस्था इथंच मरतात. सीएसआरवाले, म्हणजे कायद्यानं समाजकामाला पैसे देणाऱ्या कंपन्या, सांगतात की कायद्यानं पाच टक्केच अॅडमिन देता येतो. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला तशी ती लागू नाही. हे शांतपणे, नियम दाखवून सांगा. ऐकतीलच असं नाही, पण बरेच जण ऐकतात. आमचा हिशोब लिहिणारा माणूस, ऑफिस भाडं, ऑडिट, लाईट, इंटरनेट, कमिटीचा प्रवास हे सगळं मिळून एकूण खर्चाच्या १७-१८ टक्क्यांच्या खाली कधीच आलेलं नाही, आणि आम्ही काटकसरीत कमी नाही. जो फंडर ५ टक्के देतो त्याच्या कामात उरलेले १२-१३ टक्के संस्थेच्या खिशातून जातात. १० लाखांचा असा प्रोजेक्ट घेतला तर सव्वा लाख तुम्ही फंडरला दान दिल्यासारखं आहे.

यावर प्रामाणिक उपाय आहे. समन्वयकाचा शेतावरचा वेळ, शेतकरी मेळाव्याची तयारी, मातीचे नमुने गोळा करायची फिरती, हे अॅडमिन नव्हेच, ते कामच आहे. ते बजेटमध्ये कामाच्या खात्यात लिहा आणि प्रत्येकाची रोजची वेळनोंद ठेवा, कुठल्या प्रोजेक्टला किती दिवस दिले ते. एकच पगार दोन फंडरना लावायचा नाही, हे मात्र कधीच नाही. एकदा विश्वास गेला की बेळगावसारख्या ठिकाणी दोन दिवसांत सगळीकडं कळतं.

आपल्या भागातला एक खर्च बाहेरचे लोक धरतच नाहीत. शेतकरी आणि आपण मराठीत बोलतो लिहितो, सभेचं इतिवृत्त मराठीत, सीए इंग्रजीत, आणि सोसायट्यांचं रजिस्ट्रार ऑफिस, कृषी खात्याचं रयत संपर्क केंद्र, पंचायत यांचा सगळा व्यवहार कन्नडमध्ये. एकच कागद तीनदा करावा लागतो. आम्ही वर्षाला भाषांतर आणि टायपिंगचे पैसे बजेटमध्ये वेगळे धरतो, आणि एक तरी माणूस कन्नड अर्ज स्वतः लिहू शकणारा ठेवतो. त्यात कमीपणा काही नाही, काम आपल्या शेतकऱ्याचं होतंय ना. आणि एक लक्षात ठेवा, यूट्यूबवर मराठीत संस्थांबद्दल जी माहिती मिळते ती बहुतेक महाराष्ट्राची, धर्मादाय आयुक्त आणि चेंज रिपोर्टवाली. तुमची नोंदणी कर्नाटकच्या १९६० च्या सोसायटी कायद्याखाली असेल तर तुम्हाला जिल्ह्याच्या रजिस्ट्रारकडं वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कमिटीची यादी द्यायची असते, हिशोबही दरवर्षी. आमचे महाराष्ट्रातल्या चंदगडचे मित्र मदत म्हणून त्यांचे फॉर्म पाठवायचे, ते इथं उपयोगाचे नाहीत. चार वर्षं फाईल न केलेल्या एका संस्थेला सीएसआरची रक्कम मंजूर होऊनही मिळाली नाही, हे मी जवळून बघितलंय.

धंद्याकडं येतो. तुमचा उत्साह मोडायचा नाही, पण आमचं गांडूळ खताचं युनिट ऐका. पहिल्या वर्षी २४० पोती विकली, पोत्याला चांगला भाव मिळाला, वहीत नफा दिसला, सभेत टाळ्या. दुसऱ्या वर्षी सुद्धा तसंच. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट संपला आणि तोच धंदा तोट्यात गेला, खत तेच, गिऱ्हाईक तेच. कारण काय, तर युनिट बघणाऱ्या पोराचा पगार, शेणाची वाहतूक आणि शेडचं भाडं आतापर्यंत प्रोजेक्ट भरत होता, ते खर्च खताच्या वहीत कधी आलेच नव्हते. म्हणून धंदा सुरू करायच्या आधी कागदावर सगळे खर्च त्याच्याच नावावर लिहा, तुमचा स्वतःचा फुकट दिलेला वेळ सुद्धा पैसे धरून लिहा, आणि तरी उरतंय का बघा.

बियाण्यात आणखी एक फरक आहे. बियाणं सुगीला विकत घ्यावं लागतं आणि पैसे परत येतात मे-जूनला, सहा-सात महिने भांडवल अडकतं. पाऊस लांबला, लोकांनी घरचंच बी पेरलं, की उरलेलं बियाणं भाताच्या भावानं जातं. शिवाय संस्थेनं दुकानासारखं बियाणं विकायचं तर कृषी खात्याचं लायसन लागतं. शेतकऱ्याला मात्र २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं स्वतःच्या शेतातलं बियाणं ब्रँड न लावता विकायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिलाय. म्हणून आम्ही मधे पडत नाही, बी राखणारे शेतकरी आणि घेणारे शेतकरी यांचा मेळ घालून देतो, एप्रिलमध्ये बियाणं जत्रा भरवतो, स्टॉलची छोटी फी घेतो. पैसे कमी मिळतात, पण काही अडकत नाही.

टॅक्सच्या बाजूनं सुद्धा बघा. तुमच्या संस्थेचं काम गरिबांना मदत या सदरात बसतं की सर्वसाधारण लोकोपयोगी काम या सदरात, हे तुमच्या घटनेतल्या उद्देशांवर आणि प्रत्यक्ष कामावर ठरतं. दुसऱ्या सदरात असाल तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षीची सूटच धोक्यात येते. आणि धंदा केला तर त्याची वेगळी वही ठेवावीच लागते. हा प्रश्न सीएला नेमका ह्याच शब्दात विचारा, "आम्ही कुठल्या सदरात येतो".

मोठ्या प्रमाणावर तांदूळ विकायचा असेल, आपला बेळगाव बासमती किंवा इंद्रायणी, तर त्याला शेतकरी उत्पादक कंपनी हे वेगळं घर बरं. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत आणि सभासदामागं २ हजारांपर्यंत, कमाल १५ लाख, भागभांडवलाला जोड अशी रचना होती. पण ते पैसे कंपनीचे, शेतकरी सभासदांचे. संस्थेचा पगार त्यातून काढायचा विचार मनात आला तरी तो सोडून द्या, ह्यावरून गावं फुटलेली आहेत.

एफडी. तुमच्या दीड लाखांची एफडी करून त्याच्या व्याजावर संस्था चालणार नाही हे उघड आहे. ५ लाख ठेवले आणि ७ टक्के मिळाले तरी वर्षाचे ३५ हजार, तुमचा अर्धा महिना. तेव्हा कॉर्पसची, म्हणजे मूळ रकमेला हात न लावता फक्त व्याज वापरायच्या कायम निधीची, घाई नको. आधी तीन महिन्यांचा, मग सहा महिन्यांचा खर्च मोडता येईल अशा ठेवीत साठवा. कॉर्पस म्हणून घ्यायचं तर दात्याचं तसं लेखी पत्र पाहिजे आणि ते कायद्यानं मान्य ठिकाणीच गुंतवायचं असतं. आणि इथं मी हात जोडून सांगतो, तुमच्या कमिटीतला कुणीतरी कुठल्या तरी सौहार्द सोसायटीत (सहकारी पतसंस्थेत) संचालक असणारच, आपल्या जिल्ह्यात घरटी एक आहे, तो म्हणेल आमच्याकडं ठेवा, दीड-दोन टक्के जास्त देतो. माणूस चांगला असेल, सोसायटी पण चांगली असेल, पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जो विमा आहे तो अशा क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला नाही, आणि इन्कम टॅक्सच्या मान्य यादीत ती बसेल याची खात्री नाही. आपला पैसा असता तर गोष्ट वेगळी, हा शेतकऱ्यांच्या नावानं आलेला आहे.

मग मोकळे पैसे आणायचे कुठून? आमच्याकडं सगळ्यात भरवशाचा पैसा शेतकऱ्याचा निघाला. वर्गणी आम्ही १०० वरून ३०० केली तेव्हा मला वाटलं अर्धे लोक जातील, चाळीसेक गेले, बाकी राहिले, आणि जे राहिले ते सभेत प्रश्न विचारायला लागले. सुगीला प्रत्येक सभासद एक पायली भात देतो, खळ्यावरच नाव लिहून घेतो, ते विकून वर्षाचं ऑफिस भाडं निघतं. नाव लिहिल्याशिवाय काही घ्यायचं नाही, निनावी देणगीवर टॅक्सचा वेगळा त्रास आहे. शेतकऱ्याला ८०जी ची, म्हणजे देणगीवर दात्याला मिळणाऱ्या टॅक्स सुटीची गरज नसते, ती लागते पगारदार आणि कारखानदार दात्याला. त्यांच्यासाठी तीन गोष्टी पाळा. रोख २ हजारांवर घेतलं तर सूट मिळत नाही, वस्तूरूप देणगीला सूट नाही, आणि वर्षाचं देणगी विवरण ३१ मेच्या आत भरायचं, उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. तुमची १२ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट देणारी नोंदणी) आणि ८०जी ची मुदत कधी संपते ते आजच प्रमाणपत्र काढून बघा. २०२१ नंतर ही नोंदणी कायमची राहिलेली नाही, बहुतेकांना पाच वर्षांची मिळाली होती, आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी अर्ज करावा लागतो. आता छोट्या संस्थांना १२ए ची नोंदणी दहा वर्षांपर्यंत मिळते. कलमांचे नंबर २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात बदललेत, त्यामुळं जुना अर्ज बघून नवा भरू नका.

तर तुमच्या ह्या मार्चबद्दल माझं मत. फंडरला आत्ताच पत्र लिहा, मार्चनंतर उरणाऱ्या रकमेतून जून-जुलैची लावणी पार पडेपर्यंत मुदतवाढ मागा, जास्तीचे पैसे मागू नका, फक्त वेळ मागा. ही मागणी बहुतेक वेळा मान्य होते कारण त्यांनाही काम अर्धवट दिसायला नको असतं. चारही माणसांना मार्चपर्यंत न थांबता आज खरं सांगा, हा आकडा दाखवून सांगा. मला माहिती आहे हे अवघड आहे, मी हे दोनदा केलंय आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री झोप लागली नाही, पण आम्ही २०१४ ला जे शेवटपर्यंत लपवून मग सांगितलं त्याचा राग लोकांच्या मनात अजून आहे आणि २०२० ला जे उघड सांगितलं त्यातले दोघं आजही आमच्याबरोबर अर्धवेळ काम करतात. पाच गावांपैकी तीन ठेवायची वेळ आली तर कुठली ठेवायची हे फंडरला विचारू नका, बी राखणारे शेतकरी जिथं जास्त आहेत ती ठेवा, कारण तुमचं काम माणसं नसली तरी त्यांच्या कणगीत टिकतं. उरलेल्या दोन गावांत जाऊन सांगून या, न सांगता बंद करू नका.

धंदा ह्या वर्षी नको. बियाणं जत्रा करा, वर्गणी वाढवा, आणि शेतकऱ्यांनी आगाऊ दिलेल्या १ लाख १० हजारांना (किंवा तुमचा जो आकडा असेल त्याला) पगारासाठी हात लावू नका, कितीही ओढाताण झाली तरी. ते बियाणं जूनला त्यांच्या दारात पोचलं पाहिजे.

ऑडिट रिपोर्ट आठही वर्षांचे असतील तर एका रविवारी कमिटीतल्या दोघांना घेऊन बसा, चार तास लागतील. पान तयार झालं की जमा, खर्च आणि मोकळी शिल्लक एवढे तीन आकडे दर वर्षाचे इथं टाका, नावं नकोत. तुमची तूट तारखांची आहे की खरी, ते बघून मी सांगतो.